स्थलांतरितांची भजनी मंडळे : गिरणगाव ते आसनगाव

संध्याकाळी मुंबईहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलच्या एखाद्या डब्यातून टाळ-मृदंगाचा गजर ऐकू आला, तर रोजच्या प्रवाशाला त्याचे नवल वाटत नाही. कोणी त्याला भक्ती म्हणतो, कोणी करमणूक, तर कोणाला ती डोकेदुखी वाटते. मात्र या गजरामागे मुंबईतील स्थलांतराचा मोठा इतिहास उभा आहे, याची जाणीव थोड्यांनाच असते. गिरणगावातील चाळींत ज्या भजनी मंडळांनी आकार घेतला, त्यांचीच एक शाखा पुढे उपनगरांत आणि तेथून रेल्वेच्या डब्यांत पोहोचली.

मुंबईतील भजनी मंडळ हा केवळ हौशी गायकांचा मेळ नव्हता. गाव सोडून आलेल्या माणसाचा निवारा, उसनवारी, नोकरीची शिफारस, आजारपण आणि प्रसंगी अंत्यविधी यांची सोय पाहणारी गावकी शहरातही नांदत होती. भजनी मंडळ हे त्या गावकीचे सर्वांना ऐकू येणारे रूप होते. म्हणूनच मंडळाचा इतिहास सांगताना संगीताइतकाच खोलीचा, पगाराचा आणि पाळीचाही विचार करावा लागतो.

स्थलांतर आणि समूहगायन

परमुलखात गेलेल्या माणसांनी गाण्यासाठी एकत्र येणे ही गोष्ट महाराष्ट्रापुरती मर्यादित नाही. १८४५ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्लारुस परगण्यातून निघालेल्या कुटुंबांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात न्यू ग्लारुस नावाचे गाव वसवले. मायदेशी पिके बुडाली होती, जमीन वाढत्या लोकसंख्येला पुरत नव्हती. अशा प्रकारे अमेरिकेत विखुरलेल्या स्विस वसाहतींत पुरुषांची गायक मंडळे निघाली. न्यू ग्लारुसचे ‘मेनरकोर’ म्हणजे पुरुषगायकांचे मंडळ १९२८ मध्ये स्थापन झाले. गाव वसून तेव्हा ८३ वर्षे लोटली होती. पहिल्या पिढीला गाण्यासाठी मंडळाची गरज भासली नसेल; भाषा हातची निसटू लागली तेव्हा पुढच्या पिढ्यांना ती भासली, असे या तारखांवरून म्हणता येते.

स्विस मंडळांना मायदेशातील संघटित परंपरेचा आधार होता. तेथील गायक मंडळांचा राष्ट्रीय संघ १८४२ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी झुरिकमध्ये पहिला राष्ट्रीय गायन महोत्सव भरला. छापील स्वरलिपी, ठरलेले आवाजांचे विभाग आणि सभासदांची यादी ही त्यांची साधने होती. मुंबईस आलेल्या मराठी कामगाराकडे यांपैकी काहीच नव्हते. त्याच्याकडे पाठ असलेले अभंग होते, गावच्या देवळातील सप्ताहाची सवय होती आणि टाळ होते.

मराठी माणसाच्या बाबतीत याचे सर्वांत दूरचे उदाहरण मॉरिशसमध्ये सापडते. १८३४ नंतर करारबद्ध मजुरांना घेऊन जाणाऱ्या जहाजांतून कोकणातील माणसेही तेथे गेली. रत्नागिरीकडील जाखडी हा नृत्यगायनाचा प्रकार तेथे ‘झाकरी’ या नावाने टिकून राहिला. घरात क्रिओल भाषा रुजली, तरी गणेशचतुर्थीला म्हणायची गाणी मराठीच राहिली.

गिरण्या आणि गावकीची खोली

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे काम सुरू झाले. पुढील अर्धशतकात भायखळा, लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी, शिवडी हा सारा परिसर गिरण्यांनी व्यापला. त्यांना लागणारे मनुष्यबळ मुख्यतः कोकण आणि घाटावरून आले. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून, या भरतीत आघाडीवर होता. त्याखालोखाल सातारा, पुणे, कोल्हापूर हे भाग होते. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतील दर शंभर माणसांपैकी ऐंशीहून अधिक माणसे शहराबाहेर जन्मलेली आढळली. स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक होती. मुंबई हे त्या काळी बायकामुले गावी ठेवून आलेल्या पुरुषांचे शहर होते.

या चाकरमान्यांनी राहण्याचा जो मार्ग काढला, तो म्हणजे गावकीची खोली. एका गावच्या माणसांनी चाळीत एक खोली भाड्याने घ्यायची आणि भाडे वाटून भरायचे. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर एक खुंटी आणि झोपण्यापुरती जागा. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रातपाळीचे झोपायचे, असा क्रम असल्याने दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसेही सामावत. जेवण खानावळीतून येई किंवा खानावळवालीकडे जाऊन घ्यावे लागे. या खानावळी चालवणाऱ्या कष्टकरी स्त्रियांना पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या छत्राखाली एकत्र आणले.

गावकीच्या खोलीला नियम असत. ठरलेली वर्गणी, हिशेबाची वही, भांडण झाल्यास निवाडा करणारी जाणती माणसे, आणि गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी किंवा शाळेच्या इमारतीसाठी जमवलेला निधी. नवखा तरुण गावाहून आला की तो थेट या खोलीवर येई. खोलीतीलच कोणीतरी जॉबरकडे त्याचा शब्द टाकी. गिरणीत बदली कामगार म्हणून रोज दारावर उभे राहण्याच्या काळात त्याचे भाडे इतर जण सांभाळून घेत. या साऱ्या व्यवहाराला एकत्र बांधणारा आठवड्यातला एक प्रसंग म्हणजे रात्रीचे भजन.

गोव्याहून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती कामगारांनी आणि खलाशांनी धोबीतलाव परिसरात याच धर्तीवर ‘कूड’ चालवले. प्रत्येक गावाचा वेगळा कूड, त्यात देव्हारा आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, असा तेथील रिवाज होता. कोकणी रंगभूमीचा पहिला ‘तियात्र’ गोव्यात नव्हे, तर १८९२ मध्ये मुंबईत सादर झाला, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. गावाची कला शहरात येऊन संघटित होते आणि मग पुन्हा गावाकडे जाते, हा क्रम दोन्ही समाजांत दिसतो.

भजनाची घडण

गावातील वारकरी भजन प्रामुख्याने उभ्याने किंवा गोलाकार बसून, टाळ, वीणा आणि मृदंगाच्या साथीने होते. चक्री भजनात एकेकाने आळीपाळीने अभंग घ्यायचा आणि बाकीच्यांनी तो उचलून धरायचा, अशी रीत असते. त्यात मुख्य गायक असा नसतोच. गावातला भित्र्या स्वभावाचा माणूसही आपली पाळी आली की चार ओळी म्हणतो.

मुंबईत या भजनाला वेगळे वळण मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजाची पेटी म्हणजे हार्मोनियम सर्वत्र पोहोचली होती. १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ आणि त्यानंतर ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आल्यापासून नाट्यपदांनी मराठी कानाला वेड लावले. गिरणीकामगार पिटातले तिकीट काढून नाटक पाहत असे आणि तीच चाल अभंगाला लावत असे. त्यातून ‘संगीत भजन’ हा प्रकार रूढ झाला. पेटी घेऊन मध्यभागी बसणारा बुवा, शेजारी पखवाजी, मागे झांजा आणि टाळ घेतलेला कोरस, अशी बैठकीची रचना स्थिरावली. आरंभी नमन, मग रूपाचा अभंग, पुढे अभंग, गजर, गवळण आणि शेवटी भैरवी, हा क्रम आजही अनेक मंडळे पाळतात.

या बदलाचा सामाजिक अर्थही आहे. चक्री भजनात सर्व सारखे. संगीत भजनात बुवा पुढे आला. बुवाचे नाव झाले, त्याचे शिष्य झाले आणि त्याच्या चाली वहीत उतरू लागल्या. दिवसभर साच्यावर उभा राहणारा, ज्याला गिरणीत केवळ तिकिटाच्या नंबराने ओळखत, असा माणूस रात्री शंभर लोकांसमोर ‘बुवा’ म्हणून मान मिळवू लागला. मंडळाचे आकर्षण समजून घ्यायचे तर हा मान विसरून चालणार नाही.

डबलबारी आणि शक्ती-तुरा

दोन मंडळे एकमेकांसमोर आली की ईर्षा आलीच. सिंधुदुर्गच्या मुलखातील डबलबारी भजन हे त्याचे ठसठशीत रूप होय. दोन बुवा आपापल्या संचासह समोरासमोर बसतात. एकाने बारी घ्यायची, पुराणातला एखादा प्रश्न टाकायचा. दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचे उत्तर देऊन उलट प्रश्न करायचा. गायकी, पाठांतर आणि हजरजबाबीपणा या तिन्हींची त्यात कसोटी लागते. पहाटेपर्यंत चालणाऱ्या या बाऱ्यांना प्रेक्षक तिकीट काढून गर्दी करीत.

रत्नागिरीकडील चाकरमान्यांचा शक्ती-तुरा याच वृत्तीचा. कलगी आणि तुरा या जुन्या शाहिरी परंपरेतील दोन पक्ष, एक शक्तीचा व दुसरा शिवाचा, जाखडीच्या नाचाबरोबर सवाल-जबाब करतात. मुंबईत या नाचाला ‘बाल्या नाच’ म्हणू लागले. घरकाम करणारे कोकणी गडी कानात बाळी घालीत, त्यावरून त्यांना ‘बाल्या’ हे काहीसे हेटाळणीचे नाव शहराने दिले होते. ज्यांची चेष्टा झाली त्यांनीच ते नाव आपल्या कलेच्या फलकावर लावले.

या सर्व कलांचे मुंबईतील हक्काचे स्थान म्हणजे परळचे दामोदर नाट्यगृह. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या आवारातील हे नाट्यगृह १९२२ मध्ये उभे राहिले. कामगार रंगभूमी, नमन-खेळे, शक्ती-तुरा, डबलबारी यांनी ते शंभर वर्षे गजबजलेले होते. २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी ते बंद करण्यात आले, तेव्हा सर्वाधिक हळहळ कोकणातील लोककलावंतांनी व्यक्त केली.

भजनापलीकडचे सूर

चाळीतील गाणे देवाधर्मापुरते राहिले नाही. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि त्यापाठोपाठ मेळ्यांची पद्धत रूढ झाली. मेळ्यांतून राजकीय पदे गायली जाऊ लागली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. सांगलीकडील वाटेगावहून पायी मुंबई गाठलेल्या आणि गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊंच्या श्रोत्यांत या खोल्यांमध्ये राहणारीच माणसे होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिरांना जी गर्दी लाभली, तिची पूर्वतयारी एका अर्थाने भजनी मंडळांनी केली होती. रात्री जागून सामुदायिक गाणे ऐकण्याची आणि कोरस उचलण्याची सवय त्या गर्दीला आधीपासून होती.

या चित्राची दुसरी बाजूही नमूद करायला हवी. गावकीची खोली गाव घेऊन आली, तशी गावातील जातही घेऊन आली. खोल्या बहुधा जातवार असत, आणि मंडळेही. गिरणीतील साचे खात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे. विटाळाच्या कल्पनेने दलित कामगारांना त्या अधिक मजुरीच्या खात्यापासून दूर ठेवले जाई. भजनाच्या बैठकीतही असाच उंबरठा होता. दलित वस्त्यांनी आपला स्वतंत्र सूर निर्माण केला. भीमराव कर्डकांचे जलसे आणि पुढे नाशिक जिल्ह्यातील देशवंडीहून मुंबईत आलेल्या वामनदादा कर्डक यांची गाणी यांमागे गायन पार्ट्यांची एक समृद्ध चळवळ उभी होती. भजनी मंडळाप्रमाणेच येथेही पेटी, ढोलकी आणि कोरस होता. विषय मात्र मुक्तीचा होता.

स्त्रियांचा प्रवेश उशिरा झाला. खोलीवरची मंडळे पुरुषांचीच होती. कुटुंबे मुंबईत स्थिरावू लागली, तशी महिला भजनी मंडळे दिसू लागली. आज उपनगरांतील गृहसंकुलांत त्यांची संख्या पुरुषांच्या मंडळांहून कमी भरणार नाही.

संप आणि पांगापांग

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो विरत गेला. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने चालल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विक्रीचा मार्ग खुला केला आणि चिमण्यांच्या जागी मनोरे उभे राहू लागले.

संपाच्या काळात गावकीच्या खोलीने शेवटची मोठी कामगिरी बजावली. अनेक कामगार गावी परतले. जे राहिले त्यांची चूल काही काळ उसनवारीवर चालली. परंतु पगारच थांबल्यावर वर्गणी कुठून येणार? ज्या तीन गोष्टींवर मंडळ उभे होते, त्या म्हणजे एक गाव, ठरलेली पाळी आणि भाड्याची सामाईक खोली. त्यांपैकी पाळी गेली आणि पाठोपाठ खोलीही गेली. चाळकऱ्यांची पुढची पिढी डोंबिवली, कल्याण, बदलापूर, टिटवाळा, वासिंद अशी सरकत सरकत आसनगावपर्यंत आली.

रुळांवरचे मंडळ

शहापूर तालुक्यात रेल्वे आली ती मुंबईच्या वाढीचाच भाग म्हणून. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत धावलेली गाडी १८५५ मध्ये वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचली. शहापूरचे स्थानक म्हणून ओळखले जाणारे आसनगाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन रोजचे चार-पाच तास प्रवासात जातात. स्वस्त घराची ही किंमत आहे.

या चार-पाच तासांनी नवे मंडळ घडवले. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली माणसे. चाळीतील खोलीने जे दिले होते, ते आता डब्याने दिले. टाळ पिशवीत मावतात, छोटी ढोलकी मांडीवर बसते, आणि काहीच नसेल तर डब्याचा पत्रा ठेका धरायला पुरतो. पेटीला येथे जागा नाही. म्हणून नाट्यपदांच्या चालींपेक्षा सोपे, सर्वांना उचलता येणारे अभंग आणि गजर पुन्हा पुढे आले. एका अर्थाने लोकलने भजनाला बुवाकडून पुन्हा चक्राकडे नेले. मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. खोलीवरची माणसे एका गावची होती. डब्यातली माणसे एका गाडीची आहेत. मालवणचा, पाटणचा आणि मूळचा शहापूरचा कुणबी किंवा आगरी तरुण येथे एकाच गजरात सामील होतो.

मदतीची जुनी रीतही काही प्रमाणात डब्यात आली. कोणी दोन दिवस दिसला नाही तर चौकशी होते; आजारपणात वर्गणी निघते; दसऱ्याच्या सुमारास डबा सजवून पूजा होते. तक्रारीही तितक्याच खऱ्या आहेत. दिवसभर राबून आलेल्या, डोळा लागू पाहणाऱ्या सहप्रवाशाला टाळांचा कडकडाट नको असतो. गटाने जागा अडवून ठेवणे हा तर उघड अन्याय आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४५ मध्ये गाडीत उपद्रव करणाऱ्यावर कारवाईची तरतूद आहे. खोलीवर गाणारे आणि ऐकणारे एकाच गावचे होते. डब्यात ऐकणाऱ्याला निवड करता येत नाही. हा पेच चाळीत कधी इतका तीव्र नव्हता.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. सर्वसामान्य प्रवाशांना लशीच्या दोन मात्रांनंतर १५ ऑगस्ट २०२१ पासून पास मिळू लागला. दीड वर्षाच्या खंडानंतर वेळा बदलल्या, काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींना घरून काम करण्याची मुभा मिळाली. ठरलेल्या गाडीवर उभी असलेली संस्था गाडी थांबताच किती नाजूक ठरते, हे तेव्हा दिसून आले.

ज्यांना मंडळ लाभले नाही

शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांतून होणारे दुसरे स्थलांतर मात्र या इतिहासात सहसा येत नाही. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे कल्याण-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात. आगाऊ उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत हंगामभर राबायचे आणि पावसाच्या तोंडाशी परतायचे. गाणी त्यांच्याकडेही आहेत. परंतु भट्टीगणिक विखुरलेल्या या कुटुंबांना सामाईक खोली नाही, वर्गणी काढण्याइतका हाती पैसा उरत नाही, आणि दरवर्षी भट्टीही तीच असेल याची खात्री नसते. स्थलांतर केले की गाणारी संस्था आपोआप जन्मते, असे मानणे म्हणूनच चुकीचे ठरेल. ती जन्मते तेव्हा तिच्याखाली नियमित मजुरीचा आणि स्थिर छपराचा पाया असतो.

वह्यांचे भवितव्य

भजनी मंडळांनी मागे जे लिखित ठेवले आहे, ते बहुतेक वह्यांतच आहे. हाताने उतरवलेले अभंग, समासात लिहिलेली नाट्यपदाची चाल, डबलबारीतील प्रश्नोत्तरे आणि त्याच कपाटात ठेवलेली खोलीच्या वर्गणीची हिशेबवही. अभंग छापील गाथेतही सापडतील. पण कोणत्या चाळीत, कोणत्या पाळीच्या माणसांनी, कोणत्या चालीवर ते म्हटले आणि त्या महिन्यात कोणाच्या आजारपणासाठी किती रुपये दिले, हे अन्यत्र कोठेही नोंदलेले नाही.

चाळींचा पुनर्विकास होताना या वह्या पहिल्यांदा रद्दीत जातात, कारण नव्या सदनिकेत त्यांना खुंटी नसते. ज्यांच्या वडिलांनी-आजोबांनी गिरणगावात टाळ धरला, अशी अनेक कुटुंबे आज कल्याणपासून कसाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात राहतात. त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकांत अशा वह्या असण्याची शक्यता आहे. त्यांची छायाचित्रे काढून ठेवणे, वयोवृद्ध बुवांच्या चाली ध्वनिमुद्रित करणे आणि गावच्या वाचनालयाकडे त्यांची प्रत देणे, एवढे काम मोबाइल फोनच्या साहाय्याने कोणालाही करता येण्याजोगे आहे. मुंबईच्या कामगारांचा इतिहास मालकांच्या ताळेबंदांतून आणि संपाच्या बातम्यांतून पुष्कळसा लिहिला गेला आहे. कामगारांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला भाग या वह्यांत आहे, आणि त्या लिहिणाऱ्यांना ओळखणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे.